संगणक दुरुस्त झाला, म्हणजे नेमके काय झाले?

'स्वयंचलित दुरुस्तीला आपला संगणक दुरुस्त करता आला नाही.' घरातल्या संगणकाच्या पडद्यावर अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उमटते, तेव्हा त्या संगणकात दहावीच्या मुलीचा प्रकल्प असतो, आईच्या बचतगटाचा हिशेब असतो, आजोबांच्या पंचाहत्तरीची छायाचित्रे असतात. वाक्य मात्र यांपैकी कशाविषयीच बोलत नाही. काय बिघडले, किती बिघडले, आत ठेवलेले शाबूत आहे की नाही, हे ते सांगत नाही. खाली दोनच वाटा दाखवलेल्या असतात: 'प्रगत पर्याय' आणि 'संगणक बंद करा'. पहिली वाट भीतिदायक वाटते, म्हणून बहुतेक घरांत दुसरी निवडली जाते. दुसऱ्या दिवशी संगणक दुकानात जातो. तिथे 'विंडोज मारून देतो' असे म्हटले जाते, आणि संध्याकाळी संगणक सुरू होऊन परत येतो. पुष्कळदा तो रिकामा असतो.

पुस्तकांचे परीक्षण करतात तसे या वाक्यांचेही परीक्षण व्हायला हवे, असे आम्हाला वाटते. एखाद्या पाठ्यपुस्तकातले वाक्य संदिग्ध असेल, तर आपण शिक्षक मंडळी त्यावर पत्रे लिहितो. संगणकाच्या पडद्यावरची वाक्ये त्याहून कितीतरी अधिक लोक वाचतात, आणि तीही अडचणीच्या क्षणी. तरीही 'मशीनच तसे म्हणतेय' असे म्हणून आपण ती निमूटपणे स्वीकारतो. घरगुती संगणकांवर मायक्रोसॉफ्टची विंडोज ही संचालन प्रणाली सर्वांत जास्त आढळते, म्हणून हे परीक्षण मुख्यतः तिच्या दुरुस्ती-संदेशांचे आहे.

बोईसरचा फिटर आणि घरचा संगणक

या परीक्षणासाठी आम्ही बोईसर हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. पश्चिम रेल्वेवरचे हे स्थानक तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे आणि तारापूर अणुवीज केंद्राचे दार आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात ते येते. या गावात 'देखभाल-दुरुस्ती' ही हजारो कुटुंबांची रोजीरोटी आहे. फिटर, वायरमन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ही माणसे इथे घरोघरी भेटतात.

अशा एखाद्या फिटरला त्याच्या हाताखालच्या पोराने येऊन 'पंप दुरुस्त झाला नाही' एवढेच सांगितले, तर तो काय विचारील? बेअरिंग गेले का? सील गळतेय का? मोटारीचे वाइंडिंग जळले का? तू काय काय उघडून पाहिलेस? 'झाला नाही' हे उत्तर तो ऐकूनच घेणार नाही. मात्र तोच माणूस घरी आल्यावर संगणकाकडून तसलेच वाक्य ऐकतो आणि मान डोलावतो. बिघाड शोधण्याची जी शिस्त त्याच्या हातात आहे, ती पडद्यासमोर आल्यावर गळून पडते. संगणक हे यंत्र आहे, त्याला भाग आहेत, आणि दुरुस्ती म्हणजे त्या भागांची क्रमाने तपासणी, ही गोष्ट त्या वाक्याने त्याच्यापासून लपवलेली असते. आमचा पहिला आक्षेप हाच आहे.

चार प्रश्नांची कसोटी

कोणत्याही दुरुस्ती-संदेशाची परीक्षा करताना आम्ही चार प्रश्न विचारतो. एक, यंत्राने नेमके काय तपासले? दोन, त्याला काय आढळले? तीन, त्याने काय बदलले? चार, माझे काय सुरक्षित आहे आणि पुढची पायरी कोणती? डॉक्टरच्या चिठ्ठीत, गाडीच्या मेकॅनिकच्या बोलण्यात, विजेच्या मीटरच्या तपासणी-अहवालात आपण याच चार गोष्टी शोधतो. संगणकाला वेगळी सवलत देण्याचे कारण नाही.

जुन्या काळी डॉस प्रणाली याहून बरी होती असेही नाही. फ्लॉपी वाचता आली नाही की १९८० च्या दशकातला संगणक विचारी: 'सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की दुर्लक्ष करू?' पर्याय तीन होते, पण प्रत्येकाचा परिणाम काय, हे कुठेच लिहिलेले नसे. 'दुर्लक्ष करू' निवडल्यावर अर्धवट वाचलेली माहिती पुढे सरकत असे. प्रश्न विचारल्याचा देखावा करायचा आणि उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती मात्र द्यायची नाही, ही सवय तेव्हापासूनची आहे.

पडद्याआड काय घडते

आता आजच्या संदेशामागची यंत्रणा पाहू. बटण दाबल्यावर संगणक टप्प्याटप्प्याने जागा होतो. मुख्य पाटीवरील कायम स्मृतीतली आज्ञावली प्रथम यंत्रभाग तपासते. ती बूट व्यवस्थापकाला हाक मारते. तो एका छोट्या नोंदवहीत पाहून विंडोज कुठे ठेवली आहे ते शोधतो. मग प्रणालीचा गाभा स्मृतीत चढतो, पाठोपाठ डिस्क, पडदा, कळफलक इत्यादींचे चालक येतात, आणि शेवटी आपल्याला ओळखीचा पडदा दिसतो. ही साखळी कोणत्याही कडीशी तुटू शकते.

लागोपाठ दोन वेळा विंडोज सुरू होऊ शकली नाही, तर डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेली एक छोटी दुरुस्ती-प्रणाली आपोआप पुढे येते. कल्पना उत्तम आहे. २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या व्हिस्टापासून ती विंडोजमध्ये आहे, आणि तिने असंख्य संगणक वाचवले असतील. पण या नियमाचा एक परिणाम ध्यानात घ्यायला हवा. पावसाळ्यात, संगणक सुरू होत असतानाच दोनदा वीज गेली, तरी संगणक स्वतःला आजारी समजू शकतो. बिघाड तारेत असतो आणि उपचार विंडोजवर सुरू होतात. 'मी दोनदा अर्ध्यातच बंद पडलो, म्हणून तपासणी करीत आहे' एवढे जरी पडद्यावर आले, तरी घरातले कोणीही म्हणेल, 'अरे, ती तर वीज गेली होती!'

याहून गंमतीची गोष्ट पुढे आहे. ही दुरुस्ती-प्रणाली आपल्या कामाची सविस्तर नोंद एका फाइलीत ठेवते. प्रणालीची डिस्क तपासली, बूट व्यवस्थापक तपासला, घटना-नोंदी तपासल्या, प्रत्येकाला किती वेळ लागला, आणि सापडले तर 'मूळ कारण' काय, हे सारे तीत लिहिलेले असते. म्हणजे आमच्या चार प्रश्नांपैकी निदान तिनांची उत्तरे यंत्राजवळ असतात. पडद्यावर मात्र त्या फाइलीचा फक्त पत्ता छापला जातो. ती फाइल बंद पडलेल्या विंडोजच्या पोटात असते. घराचे कुलूप उघडत नाही म्हणून आपण तक्रार करावी, आणि 'कारण आतल्या कपाटात लिहून ठेवले आहे' असे उत्तर मिळावे, तसा हा प्रकार आहे. 'प्रगत पर्याय' मध्ये जाऊन, आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडून, नोटपॅड हा शब्द टंकला तर ती फाइल वाचता येते. पण तिथे डिस्कच्या कप्प्यांची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा 'सी' कप्पा तिथे 'डी' म्हणून दिसू शकतो. हेही कोणी सांगत नाही.

'यशस्वी' या शब्दाची परीक्षा

त्या नोंदफाइलीतही एक सापळा आहे. प्रत्येक चाचणीखाली 'यशस्वीरीत्या पूर्ण' असा शेरा असतो. विद्यार्थी वाचतो आणि म्हणतो, 'सगळे तर यशस्वी आहे, मग संगणक चालत का नाही?' शेऱ्याचा खरा अर्थ एवढाच की चाचणी शेवटपर्यंत पार पडली. चाचणी घेता आली आणि चाचणीत भाग निर्दोष ठरला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा सुरळीत पार पडली, याचा अर्थ सगळी मुले उत्तीर्ण झाली असा आपण शिक्षक कधी घेत नाही.

हा फरक किती महाग पडू शकतो, हे तारापूरच्या शेजाऱ्यांना अणुवीजेच्या इतिहासातूनच सांगता येईल. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, २८ मार्च १९७९ रोजी, अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला. तिथली अणुभट्टी तारापूरच्या या भट्ट्यांहून वेगळ्या प्रकारची होती, पण धडा सर्वांनाच लागू आहे. दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि परत मिटलीच नाही. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवीत होता. कारण तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नव्हता. झडपेला बंद होण्याची विद्युत-आज्ञा गेली की नाही, एवढेच तो दाखवीत होता. आज्ञा गेली होती, झडप उघडीच होती. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम वाजू लागल्या आणि त्यांतली महत्त्वाची कोणती हे कळेना. भट्टीत पाणी जास्त झाले आहे अशा समजुतीने चालकांनी आत जाणारे पाणी कमी केले. झडप सुमारे दोन तास वीस मिनिटे उघडी राहिली आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला.

चालक अडाणी नव्हते. त्यांना मिळालेले वाक्य अपुरे होते. 'काय करायला सांगितले' आणि 'काय झाले' यांतला फरक त्या दिव्याने पुसून टाकला होता. घरच्या संगणकाचा बिघाड आणि अणुभट्टीचा अपघात यांची तुलना परिणामांच्या बाबतीत हास्यास्पद ठरेल, हे आम्हाला मान्य आहे. पण संदेशातली चूक एकाच जातीची आहे.

एक शब्द, चार कामे

विंडोजमध्ये 'दुरुस्ती' या एकाच नावाखाली निदान चार वेगळी कामे चालतात.

पहिले काम प्रणालीच्या फाइली तपासण्याचे. एस.एफ.सी. नावाची आज्ञा विंडोजच्या संरक्षित फाइली एका साठ्यातल्या मूळ प्रतींशी ताडून पाहते आणि बिघडलेली फाइल आढळल्यास तिच्या जागी चांगली प्रत ठेवते. नमुना उत्तरांवरून उत्तरपत्रिका तपासावी तसे हे आहे. पण नमुना उत्तरांचा कागदच फाटला असेल तर? मग डी.आय.एस.एम. ही दुसरी आज्ञा आधी चालवावी लागते. ती साठाच दुरुस्त करते. त्यासाठी लागणाऱ्या प्रती एरवी ती मायक्रोसॉफ्टच्या अद्ययावतीकरण सेवेतून, म्हणजे इंटरनेटवरून, मागवते. त्या न मिळाल्यास '०एक्स८००एफ०८१एफ' हा सांकेतिक क्रमांक आणि 'स्रोत फाइली सापडल्या नाहीत' असा शेरा येतो. इंटरनेट बंद आहे, की आपण दिलेली तबकडी वेगळ्या आवृत्तीची आहे, हे शोधणे वाचणाऱ्यावर सोडलेले असते.

तिसरे काम डिस्कवरच्या मांडणीचे. चेकडिस्क ही आज्ञा ग्रंथालयाची नोंदवही तपासावी तशी कोणती फाइल कुठे आहे याची नोंद तपासते आणि विसंगती काढून टाकते. नोंदवही जुळली म्हणून फाटलेली पाने परत येत नाहीत. आणि डिस्कच अखेरच्या घटका मोजत असेल, तर लांबलचक तपासणीने तिच्यावरचा ताण वाढतो. अशा वेळी आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या आणि मग तपासणी करायची, हा क्रम कोणत्याही संदेशात ठळकपणे लिहिलेला नसतो.

चौथे काम म्हणजे विंडोज पुन्हा बसवणे. त्यात 'माझ्या फाइली ठेवा' आणि 'सर्व काही काढून टाका' असे दोन पर्याय असतात. पहिल्या पर्यायातही आपण बसवलेल्या आज्ञावल्या जातात. दुसऱ्यात काहीच उरत नाही.

आपल्या भाषेत कौले शाकारणे वेगळे, डागडुजी वेगळी, आणि घर पाडून नवे बांधणे वेगळे. गवंडी 'दुरुस्ती करतो' म्हणून आला आणि घर पाडून गेला, तर आपण गप्प बसणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र चारही कामे एकाच शब्दात गुंडाळली गेल्यामुळे डागडुजीने भागणारे घरही सर्रास पाडले जाते. दुकानदाराला आम्ही फार दोष देत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या हिशेबात दोन तास कारण शोधण्यापेक्षा पाऊण तासात नवी विंडोज बसवणे त्याला परवडते. मात्र 'आत काय आहे आणि त्याची प्रत कुठे आहे' हा प्रश्न विचारल्यावाचून कोणीही त्याला हात लावू देऊ नये.

एस.एफ.सी. चे सर्वांत सुखद वाक्य असे: 'अखंडतेचा कोणताही भंग आढळला नाही.' हेही आमच्या कसोटीला पुरते उतरत नाही. काय तपासले, ते या वाक्यात नाही. तपासल्या त्या फक्त विंडोजच्या संरक्षित फाइली. आपली कागदपत्रे, डिस्कचे आरोग्य, स्मृतीची पट्टी, इतर कंपन्यांचे चालक, यांविषयी त्यात एक अक्षर नाही. रक्तातली साखर ठीक निघाली म्हणून हिवताप नाही असे डॉक्टर म्हणत नाहीत.

खऱ्या आणि खोट्या दुरुस्तीची एकच भाषा

या संदिग्धतेचा फायदा कोणी घेतला, हे पाहिले म्हणजे प्रश्न निव्वळ भाषाशैलीचा नाही हे पटेल. २०११ च्या सुमारास 'सिस्टिम रिपेअर' नावाचीच एक आज्ञावली जगभरच्या संगणकांत शिरली. मायक्रोसॉफ्टने 'फेकसिसडेफ' असे नाव दिलेल्या ठकबाज कुळातली ती होती. 'विंडोज रिकव्हरी' वगैरे तिची भावंडेही होती. ती डिस्क बिघडल्याच्या खोट्या सूचना देई, घरच्या फाइलींवर 'अदृश्य' असा शिक्का मारून त्या गायब झाल्याचे भासवी, आणि मग 'दुरुस्ती' साठी पैसे मागे. फाइली जागच्या जागीच असत.

लोक फसले कसे? खोट्या संदेशाची भाषा खऱ्यासारखीच होती: गंभीर, धूसर, निकडीची, कारण न सांगणारी. खरी यंत्रणा जर नेहमी 'हे तपासले, हे आढळले, हे बदलले' अशी बोलत असती, तर खोटीला तिची नक्कल करणे अवघड गेले असते. पुढे याच कल्पनेचे दूरध्वनी-रूप आले. पूर्ण पडदा व्यापणारी सूचना, भोंग्याचा आवाज आणि खाली 'तंत्रज्ञा' चा क्रमांक. इथे प्रत्येक शिक्षकाने मुलांना एक गोष्ट पाठच करून द्यावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. क्रमांक दिसला की तो संदेश खोटा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत-क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

१९ जुलै २०२४ चा धडा

दुरुस्तीची भाषा तज्ज्ञांनाही कशी अडवते, हे २०२४ साली साऱ्या जगाने पाहिले. १९ जुलै रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या आज्ञावलीसाठी एक छोटी माहिती-फाइल धाडली. आज्ञावलीला एकवीस रकाने वाचायचे होते, पुरवले गेले होते वीस. एकविसावा रकाना वाचायला गेलेली आज्ञावली स्मृतीच्या भलत्याच जागी पोचली. ती प्रणालीच्या गाभ्याशी जोडलेली असल्याने विंडोजच कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर कामे हाताने करावी लागली, आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. रिझर्व्ह बँकेने दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे सांगितले.

कंपनीने ७८ मिनिटांत सदोष फाइल मागे घेतली. पण बंद पडलेले संगणक ती सुधारित फाइल घ्यायला जागेच होत नव्हते. एकेका यंत्रासमोर माणूस बसला, त्याने 'सेफ मोड' किंवा दुरुस्ती-प्रणाली उघडली आणि एक फाइल हाताने पुसली. तेव्हा कुठे काम झाले. स्वयंचलित दुरुस्ती जवळ होती, पण 'हा चालक मी आत्ता स्मृतीत घेतला आणि लगेच कोसळलो, याला वगळून पाहू का?' एवढा साधा विचार ती करत नव्हती. फिटर हाच विचार पहिल्यांदा करतो: शेवटी काय बदलले?

ही आज्ञावली प्रामुख्याने कचेऱ्यांतली असल्याने घरगुती संगणक त्या दिवशी बहुतांशी बचावले. मात्र त्या दिवशीची आणखी एक अडचण घरांनाही लागू आहे. पुष्कळ यंत्रांची डिस्क कूटबद्ध होती आणि ती उघडायला ४८ अंकी किल्ली लागत होती. आता अनेक नव्या घरगुती संगणकांतही असे कूटबंधन आपोआप सुरू होते आणि किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. संगणक घेताना दुकानातल्या मुलाने सोयीसाठी स्वतःच्याच ई-मेलवर खाते उघडून दिले असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात जाते. दोन वर्षांनी दुरुस्तीचा पडदा किल्ली मागतो तेव्हा घरच्यांना ती असते हेच ठाऊक नसते. किल्ली नसेल तर त्या डिस्कवरचे काहीही परत मिळत नाही. आमच्या मते आजच्या घडीला घरच्या माहितीला असलेला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज टाळता येणारा धोका आहे. खाते कोणाच्या नावे आहे ते आजच पाहावे आणि किल्ली कागदावर उतरवून रेशनकार्डाशेजारी ठेवावी.

मराठी केले म्हणजे भागेल का?

यावर 'संदेश मराठीत आणा' असा उपाय सुचवला जातो. मागणी रास्त आहे. आम्हीही ती करतो. पण तेवढ्याने काम होणार नाही. 'अखंडता उल्लंघन आढळले. काही दूषित संचिका निराकृत करता आल्या नाहीत' असे भाषांतर जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेतून बोईसरला शिकायला आलेल्या मुलाला मूळ इंग्रजीहून सोपे वाटेल का? विचारच अपुरा असेल, तर तो कोणत्याही भाषेत अपुराच राहतो. त्याऐवजी हे वाक्य पाहा: 'विंडोजच्या काही फाइली खराब झाल्या आहेत. त्यांतल्या काही बदलल्या, काही बदलता आल्या नाहीत. तुमची कागदपत्रे आम्ही तपासली नाहीत आणि त्यांना हातही लावला नाही. इंटरनेट जोडून पुढील आज्ञा द्या.' यात अवघड असा एकही शब्द नाही. चारही प्रश्नांना उत्तर आहे.

लिनक्स या मुक्त प्रणालीचे उदाहरण इथे द्यायला हवे. सी-डॅकने तयार केलेली बॉस ही तिचीच भारतीय आवृत्ती. लिनक्स सुरू होताना प्रत्येक पायरीपुढे 'ठीक' किंवा 'फसले' असा शेरा दाखवू शकते. कोणती कडी तुटली ते त्यावरून दिसते. भाषा रुक्ष असते, नवख्याला घाबरवते, आणि पुढे काय करायचे हे तीही सांगत नाही. पण ती लपवत नाही. एकीकडे आश्वासक पण मुकी, दुसरीकडे बोलकी पण तुसडी, अशा दोन टोकांमध्ये घरच्या माणसाशी नीट बोलणारी प्रणाली अजून यायची आहे.

वर्गात काय करता येईल

महाराष्ट्रात २०१९ आणि २०२० साली अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची नवी पुस्तके आली. त्यांत संकेतस्थळांची रचना, जावास्क्रिप्ट, पी.एच.पी., सायबर कायदा असे चांगले विषय घेतले गेले. बिघाड कसा शोधावा यावर मात्र स्वतंत्र प्रकरण नव्हते. वास्तविक बिघाड शोधणे ही शास्त्रीय पद्धतीची सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा आहे. निरीक्षण, तर्क, एका वेळी एकच बदल, नोंद, पुन्हा तपासणी, हे सारे तिच्यात येते.

शिक्षकांनी एक साधा तक्ता करून पाहावा. त्यात चार रकाने: पडद्यावर काय आले, यंत्राने खरोखर काय तपासले, यावरून काय सिद्ध होते, काय सिद्ध होत नाही. मुलांनी घरून, नातेवाइकांकडून, दुकानातून संदेश जमवून आणावेत, छायाचित्र काढून किंवा वहीत उतरवून. चौथा रकाना भरताना खरी चर्चा होईल. शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर मात्र हे प्रयोग करू नयेत. बाद झालेले एखादे जुने यंत्र यासाठी राखावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यावर अशी यंत्रे बऱ्याच शाळांत सहज मिळतील.

दुरुस्तीच्या दुकानात जाताना लागणारे चार प्रश्नही मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत: काय तपासले? काय आढळले? काय बदललेत? माझे काय राहिले? ज्या घरातले मूल हे विचारील, त्या घरातला संगणक रिकामा होऊन परत येण्याची शक्यता कमी होईल. आणि पुढे हीच मुले संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागतील, तेव्हा 'दुरुस्ती करता आली नाही' एवढेच लिहून थांबणार नाहीत, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.